यंत्राचे वार्धक्य आणि माणसाचा दोष

सन २०२५ च्या नवरात्रात मी माढ्यास आमच्या जुन्या घरी होतो. माढेश्वरीचे नवरात्र म्हणजे एरवी गावाच्या उत्साहाचे दिवस. परंतु त्या वर्षी सीना नदीस असा पूर आला की, तालुक्यातील कित्येक गावांत घरे आणि उभी पिके पाण्याखाली गेली, आणि देवीच्या दर्शनास येणाऱ्यांच्या तोंडी पाण्यावाचून दुसरा विषय नव्हता. अशा दिवसांत, ता. २६ सप्टेंबर रोजी, हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानास चंदीगड येथे समारंभपूर्वक निरोप दिल्याचे वृत्त आले. आमच्या ओसरीवर चार मंडळी बसली होती. त्यांतील एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "बासष्ट वर्षे चाकरी झाली की हो! सरकारने आम्हांला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसविले." मंडळी हसली. एक गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांचा पुतण्या सैन्यात आहे. ते एवढेच म्हणाले, "चाकरी केली खरी, पण पोरे किती नेली, तेही मोजा."

दोन्ही उद्गार खरे होते, आणि म्हणूनच ते शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याजोगे होते. पुढे पाच दिवसांनी खंडेनवमी आली. घरोघर हत्यारे, अवजारे, तराजू, मोटारी यांस गंधफूल वाहिले गेले. यंत्रास पूज्य मानण्याची ही आपली रीत मला प्रिय आहे. जी वस्तू आपल्यास पोटास घालते तिच्याशी माणसाने कृतज्ञ असावे, यात वावगे काय? परंतु त्या दिवशी फूल वाहताना मनात एक प्रश्न उभा राहिला, तो काही केल्या जाईना. यंत्र म्हातारे झाले असता त्यास कामावर ठेवण्याचा निर्णय एकाने करावयाचा, त्या यंत्राशी गाठ पडावयाची दुसऱ्याची. मग ते दगा देते तेव्हा दोष कोणाचा? याच प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या विमानाचे श्रेय त्यास देणे न्याय्य होय. दुसरे महायुद्ध संपून दहा वर्षे होतात न होतात तोच, १९५५ साली, रशियातील मिकोयान आणि गुरेविच यांच्या संस्थेने त्याचे पहिले नमुने आकाशात उडविले. ध्वनीच्या दुप्पट वेग, लहानसा त्रिकोणी पंख, एकच इंजिन, आणि बांधणीत अनावश्यक असे काही नाही, ही त्याची लक्षणे. जगात ही विमाने दहा हजारांहून अधिक बांधली गेली. भारताने १९६२ साली ती घेण्याचे ठरविले आणि १९६३ मध्ये चंदीगड येथे त्यांची पहिली तुकडी उभी राहिली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकजवळ ओझर येथे हे विमान बांधण्याचा कारखाना निघाला. इंजिने ओडिशात कोरापुटला होऊ लागली. ज्या मुलुखात तोवर उसाचा चरक आणि विहिरीवरचे इंजिन हीच काय ती यंत्रे लोकांच्या परिचयाची, तेथील तरुण ध्वनीस मागे टाकणाऱ्या विमानाचे भाग जुळवू लागले, ही गोष्ट लहान नव्हे. १९७१ च्या युद्धात, १४ डिसेंबर रोजी, ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर याच विमानांनी अग्निबाण सोडले आणि दोन दिवसांत युद्धाचा निकाल लागला. १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा हे, विमान सोडून खाली उतरलेल्या सहकाऱ्याचा माग काढीत असता, याच विमानासह पाडले गेले आणि त्यांनी वीरमरण पत्करले. ज्यांनी हे विमान चालविले त्यांपैकी कित्येक जण आजही त्याच्याविषयी, घरातल्या द्वाड पण गुणी घोड्याविषयी बोलावे, तसे बोलतात.

आता दुसरी बाजू. संरक्षणमंत्र्यांनी २०१२ च्या मे महिन्यात राज्यसभेस जी माहिती दिली तीवरून पाहता, १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक, सैन्यसेवेतील अन्य ८ जण आणि विमानावरील १ कर्मचारी एवढे जीव गेले. हा आकडा मिग घराण्यातील सर्व विमानांचा आहे, एकट्या मिग-२१ चा नव्हे. आणि तो चाळीस वर्षांचा आहे, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. तथापि अपघात म्हणजे युद्ध नव्हे. हे १७१ तरुण शत्रूच्या गोळीने पडलेले नाहीत. पुढे २०२३ च्या मे महिन्यात राजस्थानात हनुमानगडाजवळ एक मिग-२१ घरावर कोसळले. वैमानिक वाचला, खाली गावातील तीन स्त्रिया दगावल्या. त्या बायांनी तर कोणत्याही शपथेवर सही केलेली नव्हती.

या नाशाचे कारण केवळ वार्धक्य, असे म्हणणे मात्र सत्यास धरून होणार नाही. हे विमान तरुणपणीही हाताळावयास अवघडच होते: जमिनीवर उतरताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्या पुढे, आणि चूक सुधारावयास मिळणारा अवकाश काही क्षणांचा. साध्या शाळकरी विमानावर शिकलेला तरुण एकदम अशा घोड्यावर बसविणे धोक्याचे आहे. मधली एक पायरी म्हणून प्रगत शिक्षणाचे विमान घ्यावे, अशी शिफारस एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ साली केली. तसे विमान, म्हणजे ब्रिटिश बनावटीचे हॉक, घेण्याचा करार झाला २००४ मध्ये. ते दलात आले २००८ मध्ये. शिफारस आणि विमान यांत सव्वीस वर्षे गेली. मिग-२१ च्या जागी यावयाचे स्वदेशी विमान १९८३ साली मंजूर झाले. त्याचे पहिले उड्डाण २००१ च्या जानेवारीत, आणि पहिली तुकडी उभी राहिली २०१६ मध्ये. मधल्या काळात जुन्या मिगला नवे रडार आणि नवी उपकरणे बसवून 'बायसन' या नावाने पुन्हा कामास जुंपण्यात आले.

या विलंबात कोणी एक दुष्ट मनुष्य शोधू गेल्यास तो सापडणार नाही. पैशाची ओढाताण होती, परदेशांशी वाटाघाटी होत्या, स्वदेशी विमानाचा अभिमान होता. आणि तुकड्या मोडल्या तर सीमेवर पहारा कोणी द्यावयाचा, हा प्रश्नही खोटा नव्हता. 'नवे येईपर्यंत जुने चालू द्या' असे म्हणणारा गृहस्थ व्यवहारी समजला जातो, आणि बहुधा तो तसा असतोही. प्रत्येकाने आपल्या परीने विचार करून फक्त एक हंगाम वाढविला. हंगामास हंगाम जोडीत बासष्ट वर्षे झाली.

हंगाम हा शब्द मी मुद्दाम योजिला आहे. तो मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकला होता.

आमच्या माढ्याच्या विहिरीवर एक जुने तेलाचे इंजिन होते. इंजिनाच्या चाकावरून पंपाच्या चाकावर जाणारा पट्टा जुना होऊन सैल पडला होता, आणि तासाभरात दोन-तीनदा तरी तो चाकावरून उतरे. इंजिन थांबवून पट्टा पुन्हा चढवावा, हा सुरक्षित मार्ग. परंतु ते इंजिन एकदा थांबले म्हणजे हँडल मारून मारून छाती फुटली तरी अर्धा-अर्धा तास सुरू होत नसे, आणि तोवर पाटातले पाणी जिरून जाई. म्हणून आमचा सालगडी इंजिन चालू असतानाच, हाताने रेटून, तो पट्टा चाकावर चढवी. मी तेव्हा नववीत होतो. एके संध्याकाळी तो वडिलांस म्हणाला, "अण्णा, पट्टा लई सटकतोया. औंदा नवा घ्या." वडील म्हणाले, "एवढा हंगाम निघू दे. ज्वारी घरात आली की घेऊ." मी तेथे पुस्तक घेऊन बसलो होतो. पंधरा दिवसांनी त्याच पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला आणि तीन बोटे गेली.

माझे वडील कठोर नव्हते. त्यांनी त्याचा दवाखान्याचा सर्व खर्च केला, त्यास कामावरून काढले नाही, आणि पुढे त्याच्याकडे हलकी कामे दिली. परंतु ओसरीवर जो जो विचारावयास येई त्यास ते म्हणत, "चालत्या इंजिनावर पट्टा चढवू नये, एवढे त्याला कळावयास नको काय?" येणारा मान डोलावी. चूक त्याचीच होती, हे अक्षरशः खरे होते. पट्टा घ्या असे त्याने सांगितले होते, हेही खरे होते. परंतु ते ठाऊक असणारे तिघेच. त्यांतला एक बोलत नव्हता, एकाचे कोणी विचारीत नव्हते, आणि तिसरा मी होतो. मी गप्प राहिलो. नवा पट्टा त्याच आठवड्यात आला.

अपघातांच्या अहवालांत 'मानवी चूक' हे शब्द मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला ते इंजिन आठवते. हे शब्द खोटे नसतात. पुष्कळदा ते तंतोतंत खरे असतात. त्यांचा दोष असा की, ते खरे असल्यामुळे चौकशी तेथेच थांबते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधन, नानाविध चेष्टा, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ कर्त्याकडेच सर्व कर्तृत्व लावतो त्यास खरे दिसत नाही, असा तेथील अभिप्राय आहे. हा उपदेश आपण आजवर अहंकार सोडण्यापुरता वाचीत आलो. यश मिळाले असता 'हे मी केले' असे म्हणू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतला. परंतु तोच न्याय अपयशासही लागू नको काय? मिग-२१ पडते तेव्हा त्या पडण्याचे अधिष्ठान एका धावपट्टीवर असते, करण म्हणजे जुने इंजिन असते, चेष्टा सव्वीस वर्षे न झालेल्या खरेदीच्या असतात, दैवाचा पक्षी कधीकधी खरोखरच इंजिनात शिरतो. आणि कर्ता तेवढा त्या क्षणी दांडी हाती धरून बसलेला असतो. पाचांपैकी चार जण सभेतून उठून गेले असता उरलेल्या एकाच्या गळ्यात माळ घालावी, तसा हा निवाडा होय.

आणि तो एक बहुधा बोलावयास उरलेला नसतो. १७ सप्टेंबर २००१ रोजी रात्री सुरतगड येथून उड्डाण केलेले एक मिग-२१ थोड्याच वेळात कोसळले आणि पुण्याचा तरुण वैमानिक अभिजित गाडगीळ त्यात मृत्यू पावला. दोषाचा रोख वैमानिकाकडे वळू लागला, तेव्हा त्याच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी तो निमूटपणे स्वीकारला नाही. एका आईने विमानविद्येच्या किचकट प्रश्नांत शिरावे, वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करावा, आणि पतीसह उड्डाणसुरक्षेच्या कामास वाहून घ्यावे, यामागे केवळ पुत्रशोक होता असे मी मानीत नाही. शोकास एवढा दम नसतो. मेलेल्या माणसाची बाजू मांडावयास कोणीतरी उभे राहिले पाहिजे, ही ती जाणीव होती. लोक अशा आईस हळवी म्हणतात. मला वाटते, त्या सभेत कर्त्यावाचून आणखी चार आसने आहेत, याची आठवण देणारी ती व्यक्ती होती.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सैनिकाने जोखीम जाणूनबुजून पत्करलेली असते. मरणाची तयारी हाच ज्याचा धर्म, त्याने जुन्या यंत्राची तक्रार करावी काय? माझे कित्येक बुद्धिमान विद्यार्थीही असेच म्हणतात. या आक्षेपास उत्तर एका न्यायालयाने दिले आहे. २००५ साली राजस्थानात एका मिग-२१ ने उड्डाणानंतर पेट घेतला. वस्तीवर विमान पडू नये म्हणून विंग कमांडर संजीत सिंग कैला यांनी शेवटपर्यंत धीर धरला. ते वाचले, पण मणक्याच्या दुखापतीने लढाऊ विमान चालविण्यास कायमचे मुकले. कारखान्यातील सदोष कारागिरी हे त्या आगीचे कारण होते, हे त्यांस पुढे कागदपत्रांतून कळले. त्यांनी दाद मागितली, आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकार व विमान बांधणारी संस्था यांनी मिळून त्यांस ५५ लाख रुपये द्यावेत असा निर्णय दिला. सैनिकाने जोखीम पत्करलेली असली तरी स्वाभाविक जोखमीपलीकडे त्यास लोटण्याचा अधिकार कोणासही नाही, हे त्या निर्णयाचे सार.

येथे भेद नीट ध्यानात घ्यावा. सैनिक शत्रूच्या हातचे मरण पत्करतो. आपल्याच माणसाच्या निष्काळजीपणाचे मरण त्याने पत्करलेले नसते. पहिल्यात त्याचा त्याग आहे. दुसऱ्यात आपण त्याच्या त्यागाचा फायदा घेतो. जो मनुष्य तक्रार करणार नाही याची आपणांस खात्री आहे, त्याच्याच माथी जुने यंत्र मारणे, ही काटकसर नव्हे. ज्याला काटकसर म्हणावयाचे तिची झळ करणाऱ्यास लागली पाहिजे.

मग जुने यंत्र वापरूच नये काय? तसे म्हणणे श्रीमंतांस शोभेल, आपणांस नाही. आमच्या तालुक्यात कुर्डुवाडीस बार्शी लाइनच्या छोट्या गाडीचा कारखाना आहे. ती लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, आणि तिची इंजिने पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी करून चालविली गेली. आमच्या लहानपणी ती गाडी चढावर इतकी मंद होई की, उतारू खाली उतरून बरोबर चालत. त्या इंजिनाच्या म्हातारपणाचे सर्वांस हसू येई. राग येत नसे. कारण त्या गाडीतून उतरता येत होते. यंत्रांचे दोन वर्ग करावेत: म्हातारपणी जी मंद होतात ती, आणि म्हातारपणी जी दगा देतात ती. पहिल्यांची सेवा वाढविण्यास हिशेबनीस पुरेसा आहे. दुसऱ्यांची वाढविताना ज्याचा जीव त्यात गुंतला आहे, त्याचे म्हणणे हिशेबात लिहून ठेवले पाहिजे, आणि वाढविणाऱ्याने त्याखाली आपले नाव घातले पाहिजे.

२००३ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस अंबाला येथे स्वतः मिग-२१ मध्ये बसून उडाले. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. पुष्कळांनी तो देखावा मानला. मला तसे वाटत नाही. ज्यात दुसऱ्यांच्या मुलांस बसवितो त्यात आपण बसून पाहावे, ही भावना थोर आहे. तथापि मंत्र्याकरिता निवडलेले विमान, निवडलेला दिवस आणि निवडलेला चालक, यांवरून रोजच्या उड्डाणाची परीक्षा होत नाही. एकदा सोबत बसण्याहून कठीण गोष्ट निराळीच आहे: विमान पडल्यावर, चौकशीच्या टेबलाशी, मेलेल्याच्या शेजारची खुर्ची ओढून घेऊन 'हंगाम वाढविणाऱ्यांत मीही होतो' असे म्हणणे. तेवढे धैर्य युद्धात लागत नाही.

मलाही ते चाळीस वर्षांत झाले नाही. वडील वारले, तो गडीही वारला. आमच्या विहिरीवर आता विजेची मोटर आहे. जुन्या इंजिनाचे गंजलेले चाक तेवढे बांधावर पडून आहे, आणि खंडेनवमीस त्याच्यावरही एक फूल पडते. यंदा फूल वाहून झाल्यावर मी त्या गड्याच्या मुलास बोलावून, मी त्या संध्याकाळी जे ऐकले होते ते सर्व सांगितले. मला वाटले होते, त्यास काही नवे कळेल. तो शांतपणे म्हणाला, "ठाऊक हाय, सर. आबांनी सांगितलं हुतं आम्हाला. तुमी बी तितं बसला हुता, ते बी सांगितलं हुतं."

म्हणजे जन्मभर ते मला ओळखून होते, आणि जन्मभर त्यांनी मला नमस्कार केला. मिग-२१ आता संग्रहालयात व चौथऱ्यांवर उभे राहील, आणि मुले त्याच्याजवळ छायाचित्रे काढतील. तसे ते अवश्य व्हावे, ते त्या मानास पात्र आहे. परंतु जेथे जेथे ते उभे राहील तेथे त्याच्या पराक्रमाच्या पाटीखाली, त्यात बसून जे परत आले नाहीत त्यांची नावेही असावीत, आणि त्या नावांपुढे 'चूक' हा शब्द लिहिण्याआधी आपण सर्वांनी आपापल्या ओसरीवरचे संभाषण आठवून पाहावे.